आत्यानं रेकॉर्डींना ऊन दाखवलं

आधीच सांगून टाकतो, 'अहो, पण हे सगळं मोबाइलवर फुकट ऐकता येतं की' असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. येतं ना. ठाऊक आहे मला. देवी कॅलेंडरवरही फुकट बघता येते, तरी लोक वणीचा गड चढतातच ना? हे उदाहरण मी बायकोला दिलं तेव्हा ती म्हणाली, "देवीची आणि त्या बाईची बरोबरी करू नका. आणि येताना दळण घेऊन या." बायको शाळेत शिकवते. तिच्याशी वाद घालून मी आजवर एकदाही जिंकलेलो नाही, दळण मात्र पुष्कळ आणलंय.

'ती बाई' म्हणजे माझी आवडती परदेशी पॉप गायिका. डिप्लोमाला होतो तेव्हा होस्टेलवर तिची एक कॅसेट होती. तीसुद्धा कुणीतरी दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवून उतरवलेली. तिसऱ्या गाण्यात मधेच कुणाची तरी आजी 'दूध उतू चाललंय गं' म्हणून ओरडायची. पुढे बऱ्याच वर्षांनी मी ते गाणं नीट ऐकलं आणि त्यात आजी नाही म्हणून मला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

तर या बाईंचे जुने अल्बम हल्ली पुन्हा नव्यानं रेकॉर्डवर निघायला लागलेत. जाडजूड काळ्या रेकॉर्डी, पुस्तकासारखी उघडणारी कव्हरं, आत पोस्टर. आमच्यासारख्या पन्नाशी उलटलेल्यांना बरोबर हेरून काढलेला माल आहे हा, मला कळत नाही असं नाही. पण पुण्याला नोकरी करणाऱ्या माझ्या मुलीनं मला वाढदिवसाला टर्नटेबल दिलं, आणि मग काय, संपलंच. बाईंचे एकूण नऊ अल्बम. नऊच्या नऊ घ्यायचे असं मी ठरवून टाकलं. नाशकात ते मिळायची मारामार, म्हणून मुंबईहून मागवायचे, आणि इथंच घोडं अडलं. मी अंबडला एका कारखान्यात क्वालिटीला, बायको शाळेत. कुरिअरवाला यायचा भर दुपारी, पाथर्डी फाट्याच्या आमच्या फ्लॅटचं कुलूप बघायचा आणि पार्सल परत पाठवायचा. एक अल्बम तर असा दोनदा मुंबईला जाऊन आला. बाईंनी तेवढ्या वेळात एक छोटा दौरा केला असता.

त्या वर्षी संक्रांतीनंतर देवळ्याहून आत्या आली. माझ्या वडिलांची थोरली बहीण. मूलबाळ नाही, नवरा जाऊन खूप वर्षं झाली, शेत वाट्यानं दिलेलं, आणि ही एकटी घरात. आदल्या थंडीत ती मोरीत पाय घसरून पडली होती आणि सकाळी दूधवाला येईपर्यंत तशीच पडून होती. हे तिनं आम्हाला सांगितलंच नाही. दूधवाल्यानं सांगितलं. मला फोनवर ते ऐकून रडू आलं आणि रडू आलं म्हणून राग आला, आणि मी बिचाऱ्या दूधवाल्यालाच झापलं.

मोतीबिंदूचं निमित्त करून आम्ही तिला नाशकात आणलं. एक डोळा झाला, मग दुसरा झाला. माझ्या मनात एवढंच होतं की आता हिनं परत जायचं नाही. पुन्हा पडली तर? दूधवाल्याची सुट्टी असली तर? पण हे तिला सांगायचं कसं, हीच तर पंचाईत.

म्हणजे असं आहे, की आमच्या घराण्यात 'राहा' असं कुणी कुणाला म्हणत नाही. जिभेला तो शब्दच येत नाही. पाहुणा निघाला की आम्ही म्हणतो, 'आता गाडीला गर्दी असेल.' अगदीच जिव्हाळ्याचा असेल तर, 'ऊन लागेल, उतरल्यावर जा.' लग्न होऊन सासरी निघालेल्या बहिणीला, म्हणजे याच आत्याला, माझे वडील 'टेम्पोत पुढं बस, मागं धूळ लागते' एवढंच म्हणाले होते आणि मग गोठ्यात जाऊन बसले होते. आमचं सगळं प्रेम वाहतुकीच्या भाषेत चालतं.

आत्याचे डोळे बरे झाले तशी तिनं रोज सकाळी चहाला सुरुवात केली, "निघते आता भाऊ. बसून खायला मी काय पाव्हनी हाय?"

"सटाणा गाडीला गर्दी असेल," मी म्हणायचो.

"आज सोमवार हाय. आज कसाची गर्दी?"

एके दिवशी ती पिशवी भरूनच बसली. मला काही सुचेना. नेमकं त्याच दिवशी बाईंचा चौथा अल्बम यायचा होता. मी म्हटलं, "आत्या, दुपारी एक पार्सल यायचंय. घरात कुणी नाही. तेवढं घे आणि मग जा."

ती लगेच पिशवीजवळनं उठली. "मंग आधी न्हाय का सांगायचं? तुझं काम अडकवून कशी जाऊ मी?"

मी ऑफिसला जाताना मोटरसायकलवर शिट्टी मारत होतो. सापडला उपाय. आत्याला राहा म्हणायची गरज नाही, नुसतं पार्सल मागवायचं.

दुपारी कुरिअरवाल्याचा कारखान्यात फोन. चाळिशीचा, सायखेड्याचा गृहस्थ, आवाजात काकुळती. "साहेब, आजींच्या मोबाइलवर ओटीपी आलाय, पण त्या देत नाहीत."

मागून आत्याचा आवाज. "टीव्हीवर रोज सांगतेत, कुनी इचारला तरी सांगू नका म्हनून! हा दारात हुभा राहून इचारतोय. लय हुशार हाय!"

मी तिला फोनवर समजावलं की आत्या, हा खरा आहे, दे त्याला. ती म्हणाली, "तू खरा कशावरून?" माझ्या लहानपणीच्या दोनतीन नको त्या गोष्टी मी सांगितल्या तेव्हा तिची खात्री पटली. फोन स्पीकरवर होता. मी लाइनवर उभा राहून बोलत होतो, त्यामुळे त्या गोष्टी सायखेड्याच्या त्या गृहस्थाला आणि आमच्या अख्ख्या पहिल्या पाळीला आता माहीत आहेत.

संध्याकाळी तिनं पार्सल माझ्या हातात दिलं, उघडेपर्यंत समोरून हलली नाही, आणि कव्हर बघून म्हणाली, "हाई काय शे?" आत्या आश्चर्यानं किंवा रागानं भरली की अहिराणीत शिरते. कव्हरवर बाईंचा फोटो होता. केस सुटे, वाऱ्यावर चौफेर. आत्यानं तो बराच वेळ पाहिला. "हिला तेल लावून द्यायला घरात कुनी नही का रे?"

तेव्हापासून महिन्याला एक असं मी मागवायला लागलो. पार्सल आलं की आत्या म्हणायची, "झालं, आता निघते," आणि मी म्हणायचो, "पुढचं मंगळवारी येतंय." बायकोच्या सगळं लक्षात आलं होतं. ती फक्त माझ्याकडे बघायची आणि भाजी वाढायची. एकदा मात्र म्हणाली, "अहो, सरळ सांगा ना त्यांना." मी म्हटलं, "तू सांग." ती म्हणाली, "मी सांगून झालंय दोनदा. त्यांना तुमच्या तोंडून ऐकायचंय." मी विषय दळणावर नेला.

मग वैशाख लागला.

वैशाखात आत्यासारख्या बायकांच्या अंगात काहीतरी संचारतं. गच्चीवर कुरडया, गहू, डाळी, गोधड्या, सगळ्याला ऊन दाखवायचं. ऊन दाखवलं की कीड जाते, दमटपणा जातो, वर्षाची काळजी मिटते. आमच्या बिल्डिंगमध्ये लोक गहूसुद्धा महिन्याच्या महिन्याला आणतात, तिथं आत्यानं चार बिऱ्हाडांच्या गोधड्या गोळा करून वर नेल्या. त्या घरच्या बायका खूश होत्या. मीही खूश होतो, कारण कामाच्या नादात ती महिनाभर 'निघते' म्हणाली नव्हती.

त्या शनिवारी पहिली पाळी संपवून मी चारच्या सुमाराला घरी आलो. घरात कुणी नव्हतं. टर्नटेबलशेजारचा कप्पा रिकामा. आधी वाटलं चोरी झाली. मग वाटलं, चोर एवढा दर्दी कसा? आणि मग एकदम आत्याचं वाळवण आठवलं आणि मी गच्चीकडे पळालो.

गच्चीवर एका टोकाला कुरडया. मग गहू. मग तूरडाळ. मग गोधड्या. आणि शेवटी, माझ्या लग्नातल्या पांढऱ्या चादरीवर, कव्हरातून काढून, ओळीनं, अंतर राखून मांडलेल्या माझ्या रेकॉर्डी. तोवर जमलेल्या सगळ्या. कव्हरं उडू नयेत म्हणून त्यांच्यावर एकेक वीट. बाजूला छत्री घेऊन आत्या राखण करत बसलेली.

"कुबट वास मारत व्हत्या रे भाऊ," ती म्हणाली. "पलास्टिकात कोंडून कोंडून. चांगलं कडक ऊन दाखवलं. दुपारी उलटून बी ठेवल्या, दोन्ही अंगानं लागावं म्हनून."

एका रेकॉर्डीचा द्रोण झाला होता. एक विटेवर टेकली होती, ती विटेसारखीच काटकोनात वळली होती. एकीला पापडासारखे फुगे आले होते. चौथा अल्बम कुरडयांच्या शेजारी होता, त्याची कड मऊ पडून तिला एक कुरडई चिकटली होती. मी आयुष्यभर कारखान्यात केसाएवढा फरक असलेला पार्ट रिजेक्ट करत आलोय. तळपायाची आग मस्तकात गेली.

मी ओरडलो. आत्यावर ओरडायची माझी प्राज्ञा नाही, म्हणून मी सूर्यावर ओरडलो. मग बिल्डरवर ओरडलो, गच्चीला शेड केली नाही म्हणून. मग रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीवर, की एवढे पैसे घेता आणि नाशिकच्या उन्हाला टिकत नाही असला माल विकता? मग त्या बाईंवरही घसरलो, त्यांचा काय दोष होता देव जाणे. खालच्या मजल्यावरचे काका वर येऊन बघून गेले. आत्या छत्री धरून नुसती बसली होती. तिचं तोंड एवढंसं झालं होतं.

रात्रीच्या जेवणाला ती भाकरीचा तुकडा मोडत राहिली. तिनं बायकोला विचारलं, "पोरी, लय नुकसान झालं का गं?" माझी बायको मास्तरीण. तिला खोटं बोलता येत नाही. "आत्या, त्या उन्हानं वाकतात," ती म्हणाली. आत्या ताटावरून उठली. "मी जास आते," एवढंच बोलली. म्हणजे, मी जाते आता. ही अहिराणी मी ओळखून होतो.

रविवारी सकाळी तिची पिशवी दाराशी उभी. नवी साडी, डोक्यावर पदर, हातात पाण्याची बाटली.

"लग्नसराई आहे, गाडीला गर्दी असेल," मी म्हटलं.

"हुभी ऱ्हाईन."

"चांदवडला गाडी फार वेळ थांबते."

"थांबू दे."

"ऊन..." मी म्हटलं, आणि तोंड मिटलं. उन्हाचं नाव आता या घरात काढता येत नव्हतं. माझा साठा संपला. बायको ओट्याशी उभी राहून डोळ्यांनी मला सांगत होती, बोला, बोला ना. मला बोलायचं होतं हो. शब्द अगदी दातांपर्यंत आला होता. पण आमच्या घराण्याचे दात फार पक्के.

काहीतरी करायचं म्हणून मी टर्नटेबलकडे गेलो आणि त्यातल्या त्यात सरळ राहिलेली एक रेकॉर्ड लावून दिली. सुई चढावर चढली, उतरली, पुन्हा चढली. बाई गायला लागल्या. पेठच्या खड्ड्याखड्ड्यांच्या रस्त्यानं जाणाऱ्या बसच्या शेवटच्या सीटवर बसून कुणी गावं तसा आवाज. प्रत्येक ओळीत एकदा गचका.

आत्या दाराशी थांबली. कान देऊन ऐकलं. "हिला उचकी लागली का रे?"

बायकोला पहिल्यांदा हसू फुटलं. मग मला. आत्या आधी गंभीर होती, पण बाईंनी एक लांबच लांब सूर घेतला आणि तो मधेच टुणकन उडाला, तशी आत्या खुर्चीवरच बसली. "अगं पानी द्या तिला! कुनीतरी आठवन काढतंय तिची!" तिच्या नव्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आम्ही तिघंही पोट धरून हसत होतो, आणि हसता हसता मी ती संधी साधली.

"आत्या, या सगळ्या आता परत मागवायला लागणार. पार्सलं कोण घेणार?"

ती पदरानं डोळे पुसत विचारात पडली. "नुकसान मी केलंय," ती म्हणाली. "सगळ्या येईस्तोवर थांबते."

पावसाळाभर पार्सलं येत राहिली. सायखेड्याच्या गृहस्थाला आता आमच्याकडे चहा असायचा. ओटीपी ती त्याच्या कानात सांगायची, कारण जिन्यात कोण ऐकत असेल सांगता येत नाही. रेकॉर्डींना ती आता बोटही लावायची नाही. दसऱ्याला शस्त्रांची पूजा करताना मात्र तिनं मला विचारलं, "तुझ्या त्या बाईच्या गाड्याला हळदकुंकू लावलं तर चालंल का? का तेबी वाकंल?" मी म्हटलं, लाव. तिनं टर्नटेबलच्या झाकणाला पाच बोटं ओढली आणि मधल्या खिळ्यावर झेंडूचं फूल खोचलं. बायकोनं याचा मोबाइलवर फोटो काढून मुलीला पाठवला.

दिवाळीत नववा अल्बम आला. संच पुरा झाला. एवढी वाट बघितलेली गोष्ट, आणि मला तो उघडावासाच वाटेना. आत्या म्हणाली, "झालं ना रे भाऊ सगळं?"

"कुठं झालं," मी म्हटलं. "आता गुलाबी निघाल्यात."

"गुलाबी?"

"गाणी तीच. रेकॉर्ड गुलाबी."

आत्यानं माझ्याकडे असं बघितलं की मला शाळेची आठवण झाली. पण ती थांबली. गुलाबी आल्या. मग पिस्ता रंगाची एक आली. मग आरपार दिसणारी. बायको म्हणाली, या बाईंचं नाव आता आपल्या पत्त्यावर मतदार यादीत लागेल. मला तर बाईंचा आवाज ऐकायचाही कंटाळा आला होता, खरं सांगतो. मी कामावर डबा खाताना मोबाइलवर नवीन काय निघालंय ते शोधायचो आणि काही सापडलं नाही की डबा तसाच बंद करायचो.

होळीच्या आसपास रंगही संपले. आत्या पुन्हा सकाळी पिशवीकडे बघायला लागली. तेव्हा मी काय केलं, तर पहिला अल्बम, तोच, काळाच, पुन्हा मागवला. म्हटलं तिला काय कळतंय.

संध्याकाळी घरी आलो तर चहाच्या टेबलावर दोन रेकॉर्डी शेजारी शेजारी. आत्या समोर बसलेली. बायको चहा गाळत होती आणि वळून बघत नव्हती.

"ही काळी," आत्या म्हणाली. "अन् ही बी काळीच."

"त्याचं प्रेसिंग, म्हणजे छाप, वेगळा असतो, आत्या. ते आवाजात..."

"भाऊ," ती म्हणाली. आवाज अगदी हळू. "मला ठेवायला अजून किती बाया आनशील? येकदा तोंडानं म्हन ना."

मी खाली बघितलं. सवयीनं तोंडातून निघालं, "आता गाडीला..." आणि बायकोनं गाळणं ठेवलं. ते ठेवल्याचा आवाज मला अजून आठवतो. माझे कान तापले. पन्नाशी उलटलेला माणूस मी, हाताखाली तीस माणसं, आणि मला घाम फुटला.

"जाऊ नको, आत्या," मी म्हटलं. "मला भीती वाटते. इथंच राहा."

तीन वाक्यं. संपलं. माझा आवाज मधेच फाटला, पण मी बोललो.

आत्यानं चहाचा कप ओढला, बशीत ओतला, फुंकर मारून सगळा प्यायला. मग पदरानं तोंड पुसलं.

"त्या कांद्याच्या व्यापाऱ्याला फोन लाव," ती म्हणाली. "वर्षभर मागं लागलाय, देवळ्याचं घर द्या म्हनून, माल भरायला. मी म्हनायचे, नाय, मला परत यायचंय. त्याला सांग, भर म्हनावं कांदा."